खोट्या तबकडींतील खरें चित्र

जी वस्तु खऱ्या वस्तूचें सारें काम चोख करते, तिला खोटी कां म्हणावें? हा प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गांतला आहे असें कोणासहि वाटेल. आणि तीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यामुळें असले प्रश्न घरीं घेऊन येण्याची मला खोड लागली आहे, असें आमच्या घरांतील मंडळींचें मत आहे. परंतु या खेपेस प्रश्न मीं घरीं आणला नाहीं. तो इंग्लंडांतून, भाच्याच्या सामानांतून, पारदर्शक वेष्टन घातलेल्या एका सुबक पेटीच्या रूपानें आला; आणि तेव्हांपासून तो बैठकीच्या खोलींतील कपाटांत ठाण मांडून बसला आहे. त्याचें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

हकीकत अगदीं साधी आहे. अगाथा ख्रिस्तीबाईंच्या हर्क्यूल पॉयरो या बेल्जियन गुप्तहेराच्या कथांवर इंग्लंडांतील आयटीव्ही या वाहिनीनें १९८९ पासून २०१३ पर्यंत एकंदर ७० भाग दाखविले. डेव्हिड सूशे या नटानें चोवीस वर्षें हें एकच पात्र रंगविलें. ही सर्व मालिका आपल्या संग्रहीं असावी, अशी आम्हां उभयतांची फार दिवसांची इच्छा होती. हल्लीं मासिक वर्गणी भरून वाटेल तें पाहतां येतें हें खरें. पण जें वर्गणीनें मिळतें तें आपलें नसतें. आज असलेला कार्यक्रम उद्यां यादींतून नाहींसा होतो, आणि कोणास जाब विचारण्याची सोय नसते. ज्या नेटफ्लिक्स कंपनीनें १९९८ सालीं टपालानें डीव्हीडी भाड्यानें देण्यापासून आपल्या धंद्यास आरंभ केला, तिनेंच सप्टेंबर २०२३ मध्यें तो धंदा कायमचा बंद केला. म्हणून तबकड्यांचा संच विकत घ्यावा, असें ठरलें. भाचा इंग्लंडांत असतो. त्यानें तेथल्या इंटरनेटवरील एका मोठ्या बाजारांत शोध केला, तेव्हां एका विक्रेत्याकडे हा संच इतरांच्या तिसऱ्या हिश्शाच्या किंमतींत आढळला. भाच्यानें फोनवर विचारलें, "मामा, हा इतका स्वस्त कसा?" मीं उत्तर दिलें, "अरे, जुनी मालिका. हल्लीं तबकड्या घेतो कोण?" या माझ्या उत्तराकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें, कारण माझ्या मतें या प्रकरणांतील मुख्य अपराध येथेंच घडला. पण त्याविषयीं पुढें सांगेन.

संच आला. पंधरा दिवस रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही एकेक भाग पाहत होतों, आणि आमचा आनंद निर्भेळ होता. मग एका रात्रीं घोटाळा झाला. पॉयरोनें सर्व मंडळींस दिवाणखान्यांत जमवून खुनी कोण हें सांगावयास आरंभ केला, आणि चित्र थिजलें. तबकडी पुसली, पुन्हां लावली. पुन्हां त्याच जागीं तेंच. दुसऱ्या एका तबकडीवर शेवटचा भाग असाच अडला. तेव्हां मीं चष्मा बदलून त्या तबकड्यांचा तपास सुरू केला. डीव्हीडी आंतून बाहेर वाचली जाते. म्हणजे शेवटची दृश्यें बाहेरच्या कडेस असतात, आणि हलक्या तबकडीचा दोष बहुधा त्या कडेसच प्रकट होतो. खऱ्या प्रकाशकाची तबकडी पुस्तकाप्रमाणें छापलेली असते: साच्यानें पॉलिकार्बोनेटावर ठसा उमटवितात आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात, म्हणून ती चांदीसारखी दिसते, आणि दोन थरांची असल्यास तिच्यावर किंचित् सोनेरी झांक असते. घरगुती यंत्रावर भाजून काढलेल्या तबकडींत रंगद्रव्याचा थर असतो आणि तिची खालची बाजू जांभळट दिसते. आमच्या तबकड्या जांभळट होत्या. प्रकाशकाच्या यादींत जितक्या तबकड्या सांगितल्या होत्या तितक्या त्या नव्हत्या; कमी तबकड्यांवर जास्त भाग कोंबले होते. वेष्टनावरील मजकुरांत शुद्धलेखनाच्या दोन ढोबळ चुका होत्या. पंधरा दिवस गुप्तहेराच्या कथा पाहणाऱ्या दोघां माणसांना हातांतल्या पेटीवरील पुरावा दिसला नाहीं, ही गोष्ट विनोदाची खरी.

विक्रेत्यास कळविलें. दुसऱ्याच दिवशीं उत्तर आलें कीं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहों. सर्व पैसे परत करीत आहों. माल परत पाठविण्याची आवश्यकता नाहीं, तो आपल्याजवळच ठेवावा. पैसे खरोखरच परत आले. म्हणजे आतां संच आमच्याकडे आणि पैसेहि आमच्याकडे. माझी पत्नी म्हणाली, "दोन तबकड्या सोडल्या तर बाकीच्या चांगल्या चालतात. पैसे परत मिळाले. मग तुमचें नुकसान तें काय झालें? आणि आतां बघायला हरकत कोणती?" मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. जें अयोग्य आहे असें वाटतें पण कां अयोग्य आहे हें सांगतां येत नाहीं, तेथें शिक्षकानें स्वस्थ बसूं नये.

आपल्या दर्शनकारांनीं भ्रमाचें उदाहरण म्हणून शिंपल्यावर भासणारी चांदी शेंकडों वर्षें चघळली आहे. वाळूंत चकाकणारा शिंपला पाहून मनुष्य चांदी समजून वांकतो, उचलतो, आणि 'ही चांदी नव्हे' असें ज्ञान होतांच पहिलें ज्ञान बाधित होतें. हें उदाहरण सोपें आहे, कारण शिंपला चांदीचें काम करीत नाहीं. सोनार तो घेत नाहीं. आमचा शिंपला मात्र पंधरा दिवस चांदी म्हणून चालला. ज्ञानाचें प्रामाण्य त्यापासून होणाऱ्या सफल प्रवृत्तीवरून ठरतें, असें नैयायिक म्हणतात. मग सत्तर भागांपैकीं अडुसष्ट भाग जिनें दाखविले ती तबकडी खरी कां नव्हे?

बौद्ध आचार्य धर्मकीर्ति यानें सातव्या शतकांत याहून सूक्ष्म दृष्टांत दिला आहे. एक मनुष्य मण्याची प्रभा पाहून तिलाच मणि समजून धांवतो. दुसरा दिव्याची प्रभा पाहून तिला मणि समजून धांवतो. भ्रम दोघांसहि झाला आहे, कारण प्रभा म्हणजे मणि नव्हे. परंतु पहिल्याच्या हातीं अखेर मणि लागतो आणि दुसऱ्याच्या हातीं लागत नाहीं. आमची स्थिति पहिल्या मनुष्यासारखी होती. पेटी खोटी, पण पेटींतून दिसणारा सूशे खराच. त्याची ती आंखूड पावलांची चाल, मिशांवरून फिरणारें बोट, प्रश्न विचारतांनाची मान, यांतलें कांहीं खोट्या विक्रेत्यानें बनविलेलें नव्हतें. तेव्हां मणि मिळाला, तक्रार कशाची?

या युक्तिवादांतील चूक माझ्या ध्यानीं उशिरानें आली. मीं विकत काय घेतलें होतें, हेंच त्यांत गृहीत धरलें आहे. चित्र पाहणें एवढीच माझी अपेक्षा असती, तर एखाद्या मित्रानें करून दिलेली प्रतहि मला चालली असती, आणि ती प्रत आहे हें मला ठाऊक असतें. विक्रयांत वस्तूबरोबर एक विधान मिळत असतें: 'ही वस्तु अमक्यांनीं केली, त्यांनीं ती विकावयास दिली, आणि आपण दिलेल्या किंमतीचा वांटा त्यांस पोंचेल.' पेटीवरील प्रत्येक अक्षर हें विधान करीत होतें, आणि तें असत्य होतें. चित्र खरें होतें, साक्ष खोटी होती. साक्षीदारानें खोटें बोलून योगायोगानें न्याय झाला, तरी खोटी साक्ष खोटीच राहते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. नक्कल करणें हेंच मुळांत पाप आहे, असें माझें म्हणणें नाहीं. तसें म्हटलें तर आपलें सारें जुनें वाङ्मय पापाच्या पोटीं जन्मलें असें म्हणावें लागेल. छापखाना येण्यापूर्वीं जें कांहीं टिकलें तें नकलांमुळेंच टिकलें. पोथी उतरून घेणें हें पुण्यकर्म मानीत. परंतु जुन्या पोथीचें शेवटचें पान उघडून पाहावें. तेथें पुष्पिका असते: अमुक शकांत, अमुक तिथीस, अमुक गांवीं, अमक्यानें, अमक्यासाठीं ही पोथी लिहिली. कित्येकदां लेखक चुकांबद्दल क्षमाहि मागतो. म्हणजे ती प्रत स्वतःच सांगते कीं मी प्रत आहें, आणि माझें कुळ असें आहे. जेथें हें कुळ बिघडलें तेथें आपल्या पूर्वजांनीं त्याची चिंता केली. शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीचें शुद्धीकरण केलें तें याच कारणानें. लोकांच्या हातीं फिरतां फिरतां पाठ अशुद्ध झाले होते. त्यांनीं पाठ शुद्ध केला, आपण केलें तें नांव व शक घालून सांगितलें, आणि पुढें कोणी स्वतःची ओंवी त्यांत मिसळूं नये अशी ताकीद दिली. नाथांचा रोष प्रत करणाऱ्यावर नव्हता, तो आपलें दुसऱ्याच्या नांवावर खपविणाऱ्यावर होता.

गंमत अशी कीं आजच्या तबकडीलाहि पुष्पिका असते. तिच्या खालच्या बाजूस, मधल्या भोकाभोंवतीं, आरशासारखा एक पट्टा असतो. त्यावर बारीक अक्षरांत त्या आवृत्तीचा क्रमांक असतो. आणि ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें, म्हणजे आयएफपीआयनें, फिलिप्स कंपनीच्या साह्यानें १९९४ सालीं सुरू केलेल्या पद्धतीप्रमाणें दोन खुणा असतात. एका खुणेवरून मूळ ठसा कोणत्या यंत्रावर घडला तें कळतें, दुसरीवरून तबकडी कोणत्या साच्यांतून निघाली तें कळतें. आमच्या तबकड्यांवर ती जागा कोरी होती. ज्यानें वेष्टनाचें चित्र हुबेहूब उतरविलें त्यास आपलें नांवगांव लिहिण्याचें धैर्य झालें नाहीं. प्रामाणिक प्रत आणि खोटी प्रत यांमधील सगळा भेद त्या कोऱ्या पट्ट्यांत आहे.

चित्रकलेच्या इतिहासांतलें एक प्रसिद्ध प्रकरण येथें आठवतें. हॉलंडांतील वान मेगेरेन या चित्रकारानें सतराव्या शतकांतील व्हर्मेर याच्या नांवावर चित्रें रंगविलीं. त्यांपैकीं एक १९३७ सालीं ब्रेडियस या नामांकित पंडितानें अस्सल म्हणून वाखाणलें, आणि तें रॉटरडॅमच्या संग्रहालयांत लागलें. महायुद्ध संपल्यावर १९४५ सालीं, व्हर्मेरचें एक चित्र नाझी पुढारी गोरिंग याच्या हातीं जाऊं दिल्याच्या आरोपावरून वान मेगेरेनला पकडण्यांत आलें. तेव्हां देशद्रोहाच्या आरोपांतून सुटण्यासाठीं त्यानें कबूल केलें कीं तें चित्र आपणच रंगविलें आहे. संग्रहालयांतील चित्राचा एक रंगहि त्या दिवशीं बदलला नाहीं. तरी तें पाहण्याची लोकांची दृष्टि बदलली. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९६८ सालच्या आपल्या ग्रंथांत या विषयाचा चांगला उलगडा केला आहे. त्याचें म्हणणें असें कीं चित्राची बनावट होऊं शकते, पण कादंबरीची होऊं शकत नाहीं. कारण कादंबरीची कोणतीहि बिनचूक प्रत ही ती कादंबरीच असते. हा भेद आमच्या पेटीस लावला म्हणजे गांठ सुटते. पॉयरोच्या मालिकेची बनावट कोणी केली नाहीं. ती करतांहि येणार नाहीं. बनावट झाली ती प्रकाशनाची. म्हणून पत्नीचें म्हणणें आणि माझी अस्वस्थता, हीं दोन्ही एकाच वेळीं खरीं असूं शकतात.

परंतु 'मला फसविलें' एवढ्यावर हा विषय संपत नाहीं. कारण मला तर पैसे परत मिळाले. नुकसान दुसरीकडे होतें, आणि तें डोळ्यांआड होतें. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचें उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. त्याबद्दल पुढें २००१ मध्यें त्यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. चांगला माल कोणता व वाईट कोणता हें विकणाऱ्यास ठाऊक असतें, घेणाऱ्यास नसतें. म्हणून घेणारा मध्यम किंमत देऊं करतो. त्या किंमतींत चांगला माल देणें परवडत नाहीं, म्हणून चांगला विक्रेता बाजार सोडतो. मग उरलेला माल आणखी वाईट, किंमत आणखी खालीं. असें होत होत बाजारच बसतो. खोटें नाणें खऱ्या नाण्यास हांकलतें, हा जुना अनुभव याच जातीचा. तबकड्यांचा बाजार आधींच आटत चालला आहे. अमेरिकेंतील बेस्ट बाय या मोठ्या दुकानसमूहानें २०२४ सालीं चित्रपटांच्या तबकड्या विकणें बंद केलें. अशा वेळीं जो जुन्या मालिकांच्या शुद्ध प्रती खर्च करून काढतो, त्याच्या शेजारीं बसून तिसऱ्या हिश्शांत खोटा संच विकणारा हा त्याचा नुसता प्रतिस्पर्धी नव्हे; तो त्याच्या पायाखालची फळीच काढून घेतो. आणि त्या कामांत त्यास मदत करणारा हात आमच्यासारख्या सभ्य गिऱ्हाइकाचा असतो.

आतां भाच्याच्या प्रश्नाकडे वळतों. 'हा इतका स्वस्त कसा?' हा प्रश्न योग्य होता, योग्य वेळीं विचारला होता, आणि त्याचें उत्तर शोधण्यास दहा मिनिटें लागलीं असतीं. मीं तें शोधलें नाहीं. मीं उत्तर बनविलें. बनावट मालाच्या या प्रकरणांतील पहिली बनावट माझी आहे. अमेरिकेंत टिफनी या जवाहिऱ्यानें ईबे या इंटरनेटवरील बाजारावर खोट्या दागिन्यांबद्दल फिर्याद केली होती. २०१० सालीं वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं आपल्या बाजारांत कोठें तरी खोटा माल विकला जातो एवढें सर्वसामान्य ज्ञान दोषी ठरविण्यास पुरेसें नाहीं. अमुक वस्तु खोटी आहे असें विशेष ज्ञान पाहिजे. बाजारवाल्यासाठीं ही कसोटी ठीक असेल. पण मनुष्यानें ती स्वतःच्या मनास लावूं नये. कारण विशेष ज्ञान होऊं नये म्हणून डोळे मिटणें आपल्या हातांत असतें, आणि मिटलेल्या डोळ्यांना अज्ञान म्हणतां येत नाहीं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें खाजगी उपयोगासाठीं परदेशांतून एक प्रत आणणारास सवलत ठेवली आहे. कायद्यानें माझ्याकडे पाहिलें नाहीं, एवढ्यावरून मला समाधान वाटत नाहीं.

त्या दहा मिनिटांत काय करतां आलें असतें, तें येथें सांगतों; ज्यांस उपयोग होईल त्यांनीं घ्यावें. पहिली गोष्ट म्हणजे प्रकाशकानें काय काढलें आहे याची आधीं माहिती घ्यावी: संपूर्ण संच खरोखर निघाला आहे कीं नाहीं, तबकड्या किती, कोणत्या विभागासाठीं. कित्येक खोटे संच असे असतात कीं तसा संच प्रकाशकानें कधीं काढलेलाच नसतो. दुसरी गोष्ट, दुकानाची पाटी आणि विकणारा माणूस यांत भेद करावा. मोठ्या बाजारांत पाटी एकाची असते आणि माल भलत्याचाच असतो, म्हणून विक्रेत्याचें नांव, तो कोठून माल धाडतो, आणि मागील गिऱ्हाइकांचे शब्द वाचावे. तिसरी गोष्ट, जाहिरातींतील छापील चित्रावर विसंबूं नये. प्रत्यक्ष वस्तूचें, तबकडीच्या खालच्या बाजूसह, छायाचित्र मागावें. देण्यास कुरकुर करणारा विक्रेता सोडून द्यावा. चौथी, पैसे अशा मार्गानें द्यावे कीं तक्रार केल्यास परत मिळतील, आणि माल येतांच, मुदत टळण्यापूर्वीं, छपाई, अक्षरें आणि आंतील पट्टा पाहून घ्यावा.

मात्र एकाच लक्षणावर निकाल देऊं नये. जांभळा रंग हें खोटेपणाचें लक्षण खरें, पण तर्कशास्त्राच्या भाषेंत तो सव्यभिचारी हेतु आहे. वॉर्नर कंपनीनें २००९ सालीं जुने चित्रपट मागणीप्रमाणें एकेक भाजून देण्याची योजना काढली. त्या तबकड्या जांभळट असूनहि अस्सल होत्या. उलट कारखान्यांत छापलेल्या खोट्या तबकड्या चांदीसारख्या दिसतात. म्हणून चार लक्षणें एके ठिकाणीं जुळलीं म्हणजेच बोलावें. संशयाच्या भरांत प्रामाणिक विक्रेत्यास लुच्चा म्हणणें, हाहि असत्याचाच एक प्रकार आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. भाचाच म्हणाला, "मामा, प्रकाशक तरी कोठें साधु आहेत?" डीव्हीडीच्या व्यापाऱ्यांनीं पृथ्वीचे सहा विभाग पाडले, अमेरिका पहिला, इंग्लंड दुसरा, भारत पांचवा. इंग्लंडांत रोख पैसे देऊन घेतलेली अस्सल तबकडी आमच्या घरच्या यंत्रावर चालत नाहीं. आणि खोटा संच, ज्यास विभागच नव्हता, तो बिनतक्रार चालला! खरा माल दार लावून घेतो आणि खोटा माल आदरानें आंत बोलावतो, ही स्थिति लाजिरवाणी आहे, हें मला मान्य आहे. गिऱ्हाइकास अशा रीतीनें वागविणारे लोक खोट्या मालास स्वतःच आमंत्रण देतात. पण यावरून निघतें काय? विभागांची पद्धत अन्यायाची असेल तर तिच्याविरुद्ध लिहावें, बोलावें, घेणें बंद करावें. अन्यायाची तक्रार करणारा उजेडांत उभा राहून बोलतो. खोटी पेटी विकणाऱ्यानें कोणत्याहि अन्यायाशीं झगडा केला नाहीं. त्यानें दुसऱ्याच्या नांवाची सही केली आणि पैसे खिशांत घातले. प्रकाशकाचा दोष हा माझ्या दोषाचा वकील होऊं शकत नाहीं.

राहिला पत्नीचा प्रश्न: आतां या संचाचें करावें काय? विचारांतीं मला दिसलें कीं ते परत आलेले पैसे हा मौनाचा मोबदला होता. 'ठेवून घ्या' या दोन शब्दांत 'बोलूं नका' हे दोन शब्द दडले होते. म्हणून भाच्याकडून छायाचित्रांसह त्या बाजाराच्या चालकांकडे तक्रार करविली. कांहीं दिवसांनीं तें दुकान दिसेनासें झालें. महिन्याभरांत दुसऱ्या नांवाखालीं तेंच चित्र व तीच किंमत भाच्यानें पुन्हां पाहिली, आणि पुन्हां तक्रार केली. याचा शेवट होईल असा माझा भ्रम नाहीं. कर्तव्याचें फळ हातीं लागेपर्यंत कर्तव्य थांबवून ठेवण्याची सोय मात्र नीतिशास्त्रांत नाहीं.

शेजारच्या काकूंनीं संच मागितला, तेव्हां मला खरी अडचण पडली. देणें सोपें होतें; पण मी देतांच ती पेटी माझ्या नांवावर पुढच्या घरीं गेली असती, आणि साक्षीदार मी झालों असतों. त्यांस मीं खरें तें सांगितलें. त्या हंसून म्हणाल्या, "अहो, आम्हांला काय, गोष्ट कळली म्हणजे झालें." त्यांचें हसणें मला लागलें नाहीं, असें म्हणणार नाहीं.

परत आलेल्या पैशांत थोडी भर घालून भाच्यानें इंग्लंडांतील एका सार्वजनिक ग्रंथालयानें काढून टाकलेल्या तबकड्या घेतल्या. सर्व भाग नाहींत; जे आहेत त्यांवर ओरखडे आहेत आणि 'रद्द' असा शिक्का आहे. परंतु आंतील पट्ट्यावर अक्षरें आहेत. त्या आमच्या यंत्रावर चालत नाहींत म्हणून संगणकावर पाहतों. संगणकाच्या यंत्रांत विभाग पांच वेळांच बदलतां येतो. त्यांतली एक वेळ आम्ही खर्च केली. पडदा लहान आहे, आणि पत्नी मधून मधून तें बोलून दाखविते. तिचें म्हणणें रास्त आहे.

जुनी पेटी मीं मोडून टाकली नाहीं. तिच्या आंतल्या बाजूस शाईनें चार ओळी लिहिल्या: ही प्रत खोटी आहे, ती अमुक सालीं घेतली, किंमत पाहून शंका घेण्यांत आली होती, घेणाऱ्यानें ती दडपली. खालीं सही केली. तबकडी त्यामुळें अस्सल झाली नाहीं, हें मला ठाऊक आहे. पण कोरी जागा भरली, आणि त्या पेटींत आतां एक तरी विधान खरें आहे.